फोटोत माणूस नको

रायपूर, तेलीबांधा
३ डिसेंबर २०२४

आदरणीय दिवाकरकाका,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते आहे. मोबाईलवरच पाठवते, म्हणजे लगेच मिळेल. बाबा काल सकाळपासून घरात नाहीत. तुमच्याकडे आले आहेत का? आले असतील तर आधी तेवढंच कळवा, बाकीचं नंतर वाचा.

मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर दार सताड उघडं. चपला दारात तशाच होत्या, म्हणजे प्रवासाचे बूट घालून गेले. कॅमेऱ्याची बॅग नाही, कपाटातला पासपोर्टही नाही. डॉक्टरांनी विसरण्याचा आजार सांगितल्यापासून मी दाराला आतून कुलूप लावते. सकाळी चहा घेतला की नाही हे त्यांना आठवत नाही, पण किल्ली मी पिठाच्या डब्यामागे ठेवते हे बरोबर आठवलं.

परवा जेवताना मध्येच म्हणाले, "एक राहिला. तो काढला की झालं." मी हो म्हटलं आणि भाजी वाढली. दिवसातून दहा गोष्टी बोलतात, प्रत्येकीत अर्थ शोधत बसले तर माझंही डोकं जाईल. आता मात्र तेच वाक्य धरून बसले आहे. आमच्या हॉलची भिंत तुम्हाला माहीतच आहे. ताजमहाल, पॅरिसचा मनोरा, इजिप्तचे पिरॅमिड, लंडनचं घड्याळ, चीनची भिंत, सगळे ओळीने टांगलेले. शेवटचा खिळा रिकामा आहे. आई आजारी पडली आणि माचू पिचूची टूर राहिली, तेव्हापासूनचा.

सगळ्या टूरमध्ये तुम्ही त्यांच्याबरोबर होता. तो माणूस कुठे जाईल, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळेल. स्टेशन, बसस्टँड, दवाखाने सगळं पालथं घातलं. ठाण्यात तक्रार दिली. मला आता काही सुचत नाही, काका.

तुमची
गंधाली

*

नागपूर
३ डिसेंबर, संध्याकाळ

चि. गंधाली,
अनेक आशीर्वाद.

तो इथे आलेला नाही. तुझं पत्र वाचलं आणि तसाच स्टेशनवर गेलो. रायपूरकडून येणाऱ्या दोन गाड्या डोळ्यांत तेल घालून पाहिल्या. कान गेले तरी डोळे शाबूत आहेत. गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग, सगळीकडच्या आपल्या जुन्या रेल्वेवाल्यांना सांगून ठेवलं आहे. आम्ही दोघांनी जन्म त्याच लाईनवर काढला, तिथं त्याला ओळखणारं कोणी तरी निघेलच.

पोरी, धीर सोडू नको. हा गृहस्थ पहिल्यांदा हरवलेला नाही. पॅरिसमध्ये अख्खी बस त्याच्यासाठी खोळंबली होती. टूरवाला पोरगा रडकुंडीला आला. तुझी आई मात्र शांतपणे पराठ्याचा डबा उघडून बसली आणि सगळ्यांना वाटत सुटली. आले साहेब दिवे लागल्यावर. कुठं होतास विचारलं तर म्हणतो, "काम करून राहिलो होतो." काम काय, तर समोरची माणसं हटायची वाट पाहत होता. त्याचा नियम तुला ठाऊक आहे, माणूस आला की फोटो बाद. पॅरिससारख्या ठिकाणी माणसं हटायची म्हणजे प्रलयच यायला हवा, पण तुझा बाप, आमचा पांडू, तेवढा वेळ थांबायलाही तयार.

म्हणून सांगतो, बसला असेल कुठं तरी गर्दी ओसरायची वाट पाहत. राहिलेला एक म्हणजे माचू पिचूच. पासपोर्ट नेला म्हणजे विमानाकडेच गेला असणार. माना विमानतळावर चौकशी कर. काय कळतं ते लगेच लिही.

तुझा
दिवाकरकाका

*

रायपूर
५ डिसेंबर

आदरणीय काका,
नमस्कार.

तुमचा अंदाज खरा निघाला. बाबा विमानतळावर गेले होते. दारावरच्या कॅमेऱ्यात दिसतात. पासपोर्ट पुढे करून उभे आहेत. जवानाने तिकीट मागितलं असणार, कारण बाबा सगळे खिसे चाचपतात, शर्टाचे, पँटचे, पुन्हा शर्टाचे. मग जवान त्यांना हाताला धरून हळूच बाजूला बसवतो. थोड्या वेळाने ते उठतात आणि बाहेर पडतात. त्यापुढे काही नाही. मी ते चित्र पुन्हा पुन्हा पाहिलं. खिसे चाचपताना त्यांचा चेहरा शाळेत डबा विसरलेल्या मुलासारखा झाला होता.

काल आणि आज विमानतळापलीकडचं नवं वसवलेलं शहर, नवा रायपुर, पिंजून काढलं. तुम्ही आला होतात तेव्हा त्या रस्त्यांचं कौतुक केलं होतं. आता मला त्यांची भीती वाटते. एवढे रुंद रस्ते आणि विचारायला माणूस नाही. बस कधी तरी येते. एखादा म्हातारा त्या रस्त्याने चालत सुटला तर कोणाला दिसणार? मी गाडी थांबवून झुडपांत डोकावत होते आणि मनात म्हणत होते, सापडू नकोत, इथे नकोत.

ठाण्यात ताजा फोटो मागितला. काका, ताजा सोडा, माझ्याजवळ त्यांचा फोटोच नाही. जगभरचे दगड त्यांनी टिपले, स्वतः कायम कॅमेऱ्यामागे. शेवटी पासपोर्टच्या जुन्या झेरॉक्समधला दिला. त्यात केस काळे केलेले आणि मिशी आहे. आज ते पांढरेशुभ्र, गालफडं बसलेली. पत्रकं छापून स्टेशनवर आणि माना विमानतळावर लावली आहेत. त्यातल्या माणसाला मीसुद्धा रस्त्यात ओळखणार नाही.

आणि आईचा तरी कुठे काढला? ती गेली तेव्हा हार घालायला तिचा फोटो एका लग्नाच्या ग्रुपमधून कापून मोठा केला होता, शेजारणीचा खांदा अजून दिसतो त्यात. ताजमहालसमोर आई उभी होती ना? मग तिला एकदा तरी त्या चौकटीत येऊ द्यायचं. मला त्यांचा राग येतो आहे आणि राग आला की रडू येतं.

घरी असते तेव्हा गॅलरीत उभी राहते. चौथ्या मजल्यावरून सोसायटीचं गेट दिसतं, तलावाकाठचा रस्ता दिसतो. सकाळी उजाडताना आणि दिवेलागणीला तर मी तिथेच असते. खालचा प्रत्येक म्हातारा बघते. चालण्यावरून ओळखू येतील असं वाटतं.

गंधाली

*

गोंदिया
६ डिसेंबर, सकाळ

चि. गंधाली,
आशीर्वाद.

एक विचारतो. पांडूच्या अंगावर काही खूण आहे का? भाजल्याची, टाक्यांची, कसलीही. सहज विचारतो आहे, पोलिसांना खुणा दिलेल्या बऱ्या असतात. लगेच कळव. मी जरा कामाने बाहेरगावी आलो आहे.

दिवाकरकाका

*

रायपूर
६ डिसेंबर

काका,

असं सहज कोणी विचारत नाही. तुम्ही निघाल्याचं बोलला नव्हता आणि पत्रावर गोंदिया लिहिलं आहे. तुमची सवय, रेल्वेवाला माणूस गावाचं नाव लिहिल्याशिवाय राहत नाही.

डाव्या पोटरीवर भाजल्याचा डाग आहे. तळहाताएवढा. मी लहान असताना दिवाळीत अनारसे तळताना कढई कलंडली. मी खाली बसले होते, त्यांनी मला उचललं आणि तूप त्यांच्या पायावर गेलं. तो डाग कधी गेला नाही, जाणारही नाही.

तुम्ही कोणासमोर उभे आहात, काका? जे असेल ते सांगा. खोटं सांगू नका, माझ्याकडे बघून कोणी खोटं बोललं तर मला आता लगेच कळतं, इथे सगळेच बोलतात. मी गॅलरीत उभी आहे. तुमचं उत्तर येईपर्यंत इथून हलणार नाही.

गंधाली

*

गोंदिया
७ डिसेंबर, सकाळ

चि. गंधाली,

आधी उत्तर. तो पांडू नव्हता. पायावर डाग नव्हता. दोन्ही पाय पाहिले, पुन्हा पाहिले.

आता बाकीचं. रेल्वे पोलिसांकडून निरोप आला होता, रुळांजवळ एक वयस्कर माणूस सापडला आहे, पायात चांगले बूट आहेत. चेहऱ्यावरून ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. तुला कळवायचं नाही, आपणच पाहून यायचं, असं ठरवून निघालो. तिथं पोचलो आणि लक्षात आलं, इतक्या वर्षांच्या मित्राच्या अंगावरची एक खूणही मला माहीत नाही. म्हणून तुला विचारावं लागलं. तुझं उत्तर काल दुपारीच आलं, पण कागदपत्रांचा माणूस आज सकाळी आला, तोवर शवागाराचं दार उघडेना. रात्रभर तुला लिहायला काही नव्हतं. त्या घरातून बाहेर आलो आणि पायरीवर बसून रडलो. कोणाचा तरी बाप होता तो, आणि मला आनंद झाला होता.

तुझ्या रागाबद्दल लिहितो. तू म्हणतेस, लतावहिनी ताजमहालसमोर उभी होती. खरं आहे, पण पांडू तिथं नव्हताच. आम्ही सगळे रांगेत उभे राहून आत गेलो, संगमरवरावर हात फिरवून आलो. हा पठ्ठ्या यमुनेच्या पलीकडच्या काठाला जाऊन बसला. वहिनीला तिथून दिसणार ती मुंगीएवढी. पॅरिसमध्ये सगळे मनोऱ्याखाली मान वर करून, आणि हा नदी ओलांडून समोरच्या पायऱ्यांवर. इजिप्तमध्ये उंटावर बसला नाही, एका चहावाल्याच्या गच्चीवर चढला. मी एकदा वैतागून विचारलं, इतक्या लांब येऊन ती वस्तू जवळून का पाहत नाहीस? तर म्हणाला, "दिवाकर, ज्याचा फोटो काढायचा तिथं जाऊन काय करतं? तिथं गेलं का थेच दिसत नाही. समोर जा लागते."

वहिनी मात्र त्याची फिरकी घेण्यात पटाईत. चीनला त्या भिंतीवर धापा टाकत चढलो होतो तेव्हा म्हणाली, साऱ्या दुनियेचे फोटो काढले, आपल्या घराचा एक नाही. तलावाकाठचं घर मी हौसेने निवडलं, त्याला काय कमी आहे ताजमहालपेक्षा? पांडू म्हणाला, त्याच्यासाठी घर सोडून पलीकडे जा लागन, तू जाऊ देतेस का? खूप हसलो होतो आम्ही.

असलं काहीबाही आठवत बसलो आहे. दुपारच्या गाडीने नागपूरला जातो. तू थोडं खाऊन घे आणि थोडी झोप.

दिवाकरकाका

*

रायपूर
८ डिसेंबर

आदरणीय दिवाकरकाका,

बाबा सापडले. घरी आहेत, झोपले आहेत. खोकला आहे आणि पायाला फोड आले आहेत, डॉक्टर बघून गेले, काळजीचं काही नाही म्हणाले.

तुमचं पत्र काल सकाळीच आलं होतं. "तो पांडू नव्हता" एवढं वाचलं आणि पुढचं वाचायचं त्राणच राहिलं नाही. ठाण्यात जाऊन आले. दुपार कलल्यावर गॅलरीत उभी राहून बाकीचं वाचलं. आईचं बोलणं आलं तिथे थांबले आणि मान वर केली. समोर तलाव. तलावापलीकडचा काठ. इतके दिवस मी खाली गेटकडे बघत होते, उजवीकडे विमानतळाच्या रस्त्याकडे बघत होते. समोर पाहिलंच नव्हतं. पाहून तरी काय, त्या काठच्या रस्त्याला इथे मरीन ड्राइव्ह म्हणतात, तिथे फिरायला येणारी माणसं, चाट खाणारी पोरं, एवढंच दिसतं.

लिफ्टची वाट न पाहता जिने उतरले. गॅलरीतला रात्रीपासूनचा दिवा तसाच चालू राहिला. तलावाला वळसा घालून पळत गेले. लोक वाट देत होते, बहुतेक माझ्या तोंडाकडे बघून. पलीकडे एका चहाच्या ठेल्याशेजारी बाकावर ते बसले होते. मांडीवर कॅमेरा, बूट चिखलाने भरलेले, दाढी वाढलेली, अंगावर कोणाचं तरी भगवं स्वेटर.

ठेला भैय्यालालचा. स्वेटर त्याचंच. मी बाबांच्या जवळ जायच्या आधीच त्याने मला अडवून हळू आवाजात सांगितलं, "दीदी, थोड़ा साइड से निकलिए. बाबूजी सरकारी फोटोवाले हैं, सामने आने से नाराज़ होते हैं." नवा रायपुरहून येणाऱ्या बसमधून ते उतरले तेव्हापासून रोज इथेच. भैय्यालालला वाटलं, तलावाच्या सुशोभीकरणाचे फोटो काढायला कोणी साहेब आला आहे. सकाळचा चहा, दुपारचं जेवण तोच द्यायचा. रात्री आपल्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, घरी घेऊन जायचा, उजाडताना पुन्हा आणून बसवायचा. घर कुठे विचारलं की म्हणायचे, काम बाकी है. मी विचारलं, पत्रक पाहिलं नाही का? पाहिलं होतं त्याने. म्हणाला, "हव, देखे रहेंव. वो तो मूंछवाला जवान आदमी था."

मी त्याच्या पाया पडले, काका. तो बिचारा घाबरून मागे सरला.

मग बाबांच्या शेजारी जाऊन बसले. बाबा म्हटलं. त्यांनी पाहिलं, ओळखीचं हसले नाहीत. गाडीत शेजारी बसलेल्या बाईला माणूस जागा करून देतो तसे जरा सरकले. काय करताय, मी विचारलं. त्यांनी समोर बोट केलं. पाण्यापलीकडे आपली इमारत होती. उन्हं तिरपी झाली होती आणि सगळ्या भिंती पिवळ्या झाल्या होत्या. खाली तलावात तीच इमारत उलटी दिसत होती. इतकी वर्षं राहते, पण आपलं घर असं कधी पाहिलं नव्हतं.

"लय चांगला उजेड हाय," ते म्हणाले. "पण रोजचीच कटकट. थ्या चवथ्या माळ्यावर एक बाई उभी राहते. सकाळी उजेड आला का उभी, संध्याकाळी आला का उभी. हटूनच नाही राहिली. काल तर दिवसभर उभी होती. कोनाची वाट पाहते, काय माहीत."

काका, मी वर पाहिलं. गॅलरी रिकामी होती.

त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. आपल्या सवयीप्रमाणे श्वास धरून थांबले. मग डोळा न काढताच म्हणाले, "गेली वाटते. आज गेली आत." आणि बटण दाबलं. एकदाच. तुम्हाला माहीत आहे, ते दुसरा कधी काढत नाहीत.

मला दाखवला. पाणी, इमारत, चौथ्या मजल्यावरची गॅलरी आणि तिच्यातला लागलेला दिवा. माणूस कोणी नाही. इतके दिवस मी तिथे उभी राहिले नसते तर ते पहिल्याच दिवशी फोटो काढून घरी आले असते का? विमानतळावर ते माचू पिचूला जायला गेले होते की टूरवरून घरी परतायला, तेही आता कोण सांगणार. मी हे काल रात्रीपासून स्वतःला विचारते आहे. तुम्ही उत्तर देऊ नका.

फोटो अजून छापायला दिला नाही. खिळा रिकामाच आहे. तुम्ही या, मग लावू. गोंदियाला तुम्ही एकटे गेलात हे मी विसरणार नाही. येताना तुमचा स्वतःचा एक फोटो घेऊन या, ताजा. आणि तुम्ही आलात की बाबांना तुमच्या शेजारी बसवून मी एक काढणार आहे. रागावले तरी काढणार.

कॅमेरा त्यांनी नीट पुसला, झाकण लावलं, बॅगेत ठेवला. भैय्यालालला नमस्कार केला. बाकावरून उठताना तोल गेला म्हणून मी हात दिला, तो त्यांनी धरला आणि मग सोडला नाही.

"चला बाई," म्हणाले, "माझं काम झालं. आता घरी जातो. आमची पोट्टी वाट पाहून राहिली असन."

मी म्हटलं, चला, मलाही त्याच बाजूला जायचं आहे.

तुमची
गंधाली